आधी पाणी, मग प्राणी

वरूड

चि. सौरभ,

केनियाच्या सरोवरांची सहल पक्की झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. सिंह, गेंडा, हत्ती अशी यादी खिशात घेऊन निघणारे पर्यटक पुष्कळ. दिवसभर गाडीत बसतात, यादीवर खुणा करतात आणि परततात. वरूडच्या पोराने मात्र आधी पाणी बघावं, मग प्राणी. तिथे कोणता जीव कुठे दिसेल हे बरंचसं पाण्याच्या चवीवर ठरतं.

त्याची उजळणी आपल्याकडेच होते. निघण्याआधी एक फेरी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला मार. उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात पडलेलं ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. काठावरून ‘धार’ नावाच्या झऱ्याचं गोड पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडतं, क्षार मागे उरतात. जून 2020 मध्ये हे तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेलं.

पूर्व आफ्रिकेत सरोवरांच्या जन्माची कथा वेगळी आहे. तिथे उल्का नाही; जमीनच फाकत गेली, मधली दरी खचली आणि ज्वालामुखींनी तिच्यात राख व सोडा ओतला. नाकुरू, बोगोरिया आणि एल्मेंटेटा ही तिथली खारी सरोवरं 2011 पासून जागतिक वारसा आहेत. लोणारच्या पाण्यात सापडणारं निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ तिथेही वाढतं, आणि लहान रोहित पक्षी मुख्यतः त्यावरच जगतो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. पूर्व आफ्रिकेतल्या लहान रोहितांची वीण मात्र मुख्यतः टांझानियातल्या नेट्रॉन सरोवरात होते. तिथला जहाल क्षारी चिखल तुडवून शिकारी जनावर घरट्यांपर्यंत जात नाही.

जुन्या छायाचित्रांवर विसंबून नाकुरूला जाऊ नकोस. 2010 नंतर तिथलं पाणी चढत गेलं, उद्यानाचं जुनं मुख्य प्रवेशद्वारही बुडालं. पाण्याचा खारेपणा कमी झाला, शेवाळ घटलं आणि बरेच रोहित बोगोरियाकडे वळले. म्हणून मुक्काम ठरवण्याआधी सध्या थवे कुठे आहेत, हे स्थानिक वाटाड्याला विचार. नाकुरूत काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे आहेत. तेवढ्यासाठीही फेरी वाया जात नाही.

नैवाशा सरोवर मात्र गोड्या पाण्याचं. गंमत अशी की वरून पाहता त्यातूनही एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीखालून झिरपत निघून जातं आणि क्षारही बरोबर नेतं. म्हणून तिथे पाणघोडे, मत्स्यगरुड आणि मासेमारी. पाणघोडा दिवसा पाण्यात सुस्त पडलेला दिसतो; रात्री चरायला काठावर येतो. अंधार पडल्यावर किनाऱ्याने पायी फिरायचं नाही. नावाड्याला पैसे वाढवून देऊन पाणघोड्याजवळ नाव न्यायला लावायचं, हेही नाही.

आता सामान. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घे आणि दाखला पासपोर्टसोबत ठेव. तो नसेल तर परतताना भारताच्या विमानतळावर अडकशील. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घे. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून नुसते सुती सदरे भरू नकोस. नैवाशा समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरहून उंचावर आहे, पहाटेच्या उघड्या गाडीत स्वेटर लागतोच. आईने चिवडा-शेव पन्नीत बांधली तर डब्यात काढून घे. केनियाने 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे. मोबाइलपेक्षा चांगली दुर्बीण उपयोगी पडेल. मार्च ते मे मोठ्या पावसाचे महिने; जुलै ते ऑक्टोबर कोरडे आणि बघायला सोयीचे.

नैवाशाच्या काठी लांबच लांब पॉलिहाउस दिसतील. तिथले गुलाब विमानाने युरोपात जातात आणि त्यांना पाणी लागतं ते त्याच सरोवराचं आणि आसपासच्या विहिरींचं. फोटोच्या चौकटीतून ते वगळू नकोस. आपल्याकडे संत्र्याच्या बागांसाठी बोअर किती खोल गेले, हे तू लहानपणापासून ऐकतो आहेस. फूलवाले, मच्छीमार आणि गुराखी तिथे एका पाण्यावर कसे भागवतात, उपसा कोण मोजतो, दुष्काळात आधी कोणाचा पंप बंद होतो, एवढं विचारून ये. परतल्यावर एक संध्याकाळ मोकळी ठेव. बागायतदार मंडळींना बोलावून ठेवतो, त्यांना हे तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझा
मामा