पाणी बघून मगच पाय टाका

पोरांनो, पावसाळा तोंडावर आला की तुमचे बेत ठरतात. भुशी, ताम्हिणी, मुरूड, काशीद. जरूर जा, पण म्हाताऱ्या माणसाचं थोडं ऐकून जा. तुम्ही आमच्याहून शिकलेले आहात, चार मुलखांत हिंडलेले आहात. तरीही समोरची गोष्ट पाहून निर्णय घ्यायचं तारतम्य हल्ली फार झपाट्याने उणं होत चाललं आहे, आणि पाण्याच्या काठावर ते उणेपण जिवावर बेततं.

पोचलात की आधी गावातल्या माणसाला विचारा. कोळी असो, गुराखी असो, भजीच्या टपरीवरची मावशी असो. "दादा, इथं उतरतात का माणसं?" एवढं पुरे. जिथं गावकरी स्वतः उतरत नाहीत, तिथं तुम्हीही उतरायचं नाही. 2021 च्या जानेवारीत अकोले तालुक्यात फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर रात्री निघालेली एक गाडी थेट पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशावर पूल होता, प्रत्यक्षात तो पाण्याखाली होता. गाडी चालवणारा बुडाला. तो पूल बुडतो हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. वाटेत कुणाला तरी विचारलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

धबधब्यात उभं राहिलात तर नजर वर ठेवा, डोंगराच्या माथ्याकडे. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि माथ्यावर ढग फुटलेला असतो. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहत यायला लागल्या, पाण्याचा आवाज जड झाला, की त्या क्षणी बाहेर या. चपला राहू देत, फोटो राहू देत. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. मधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. पाणी वाढल्यावर धरून ठेवण्यात अर्थ नसतो, ते वाढायच्या आधी निघावं लागतं.

पुलावरून पाणी वाहत असेल तर पुढची एसटी गेली म्हणून आपली गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला ढकलून देतं, आणि त्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय हे वरून दिसत नाही.

समुद्राचं गणित कोकणात पोरासोरांना तोंडपाठ असायचं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, त्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि उतरताना ओढतंही जास्त. कड्याच्या पायथ्याने रेतीवरून चालत निघालात तर हा हिशेब आधी करा, नाहीतर परतीची वाट पाण्याखाली जाते. पाण्याने आत ओढलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला निघा, मग वळा.

सगळ्यांत अवघड कानमंत्र पुढे आहे. कुणी बुडताना दिसला की उडी घ्यावीशी वाटते. घेऊ नका. ओढणी, दोर, फांदी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. 2024 च्या एप्रिलमध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणकाला साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पाच जण गेले. माया खोटी नव्हती त्यांची. वर उभं राहून कमरेला दोर बांधा म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

तसं सांगणारे तुम्ही व्हा. सोबतचे चौघे चिडवतील, भित्रा म्हणतील, म्हणू देत. यंदा निघाल तेव्हा गाडीत एक लांब, मजबूत दोर टाका, तातडीच्या मदतीचा 112 हा नंबर घरातल्या लहानग्यांकडूनही पाठ करून घ्या, आणि घाटमाथा काळवंडलेला दिसला तर तिथूनच माघारी फिरा.