मज्जातंतू आणि स्नायू यांची विद्युत्-परीक्षा

हातातील पेला वारंवार निसटणे, जिना चढताना मांड्यांतील बळ सरणे, संध्याकाळ होताच पापण्या जड होणे, ही सारी अशक्तपणाची लक्षणे होत. परंतु अशक्तपणाचे मूळ सर्वांच्या ठायी एकच नसते. मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतील पेशींपर्यंत येते व तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूकडे जाते. तंतू आणि स्नायू जेथे भेटतात तेथे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन ती पलीकडे पोचविते आणि स्नायू आकुंचन पावतो. या साखळीतील कोणतीही कडी दुबळी झाली, तरी रोग्याला जाणवते ते एवढेच, की अंगात बळ राहिले नाही. दोष नेमका कोणत्या कडीत आहे, हे शोधण्यासाठी विद्युत्-परीक्षा करतात.

वेगाचे मोजमाप

मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजता येणारच नाही, असे एकेकाळी मानीत असत. १८५० मध्ये हेल्महोल्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला. आजच्या परीक्षेचे तत्त्व तेच आहे.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर विद्युदग्रे चिकटवितात. मग मनगटाशी मज्जातंतूला विजेचा क्षणिक झटका देतात, आणि तसाच दुसरा झटका कोपराशी देतात. समजा, मनगटापासून स्नायूचे उत्तर येण्यास ३.४ मिलिसेकंद लागले व कोपरापासून ७.४ मिलिसेकंद लागले. दोन बिंदूंतील अंतर २२ सेंटिमीटर आहे. म्हणजे २२ सेंटिमीटर जाण्यास ४ मिलिसेकंद लागले. अर्थात वेग सेकंदाला ५५ मीटर झाला. प्रौढ माणसाच्या हातात हा वेग सामान्यतः ५० मीटरांहून अधिक, तर पायात ४० मीटरांहून अधिक असतो.

तंतूवरील मेदयुक्त वेष्टन झिजले, तर वेग मंदावतो. आतील तंतूच नष्ट झाले, तर वेगापेक्षा उत्तराची उंची अधिक घटते. थंडीनेही वेग कमी होतो. त्वचेचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले, की तो सेकंदाला सुमारे दोन मीटरांनी घटतो. म्हणून गार पडलेला हात आधी उबदार करून घेतात. एरव्ही निरोगी तंतू रोगट ठरावयाचा. त्वचेवर तेल वा मलम नसावे, हेही याच काळजीपोटी सांगितले जाते.

झटका बसताच बोट आपोआप उडते आणि टिचकी मारल्यासारखी वेदना होते. उत्तर वाढेनासे होईपर्यंत झटक्याचा जोर वाढवीत नेतात. रोग्याला हे निष्ठुरपणाचे वाटते. परंतु सर्व तंतू जागे झाल्याखेरीज त्यांची मोजणी पुरी होत नाही.

सुईची परीक्षा

दुसऱ्या भागात स्नायूत बारीक सुई घालतात. पुष्कळांना हिचीच धास्ती असते. तथापि या सुईतून वीज सोडीत नाहीत. ती केवळ स्नायूतील विजेचा कानोसा घेते. १९२९ मध्ये एड्रियन व ब्रॉंक यांनी अशी सुई प्रथम वापरली.

निरोगी स्नायू विश्रांतीत स्तब्ध असतो. तंतूशी नाते तुटलेला स्नायू मात्र विश्रांतीतही पत्र्यावरील थेंबांसारखा टिपटिप आवाज करतो. ही खूण उमटण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून फार लवकर केलेली परीक्षा फसवी ठरू शकते. नंतर रोग्यास स्नायू प्रथम हलकेच, मग पूर्ण जोराने आवळावयास सांगतात. मज्जातंतूच्या जुन्या विकारात लहरी थोड्या पण मोठ्या दिसतात. स्नायूच्याच विकारात त्या लहान असतात, मात्र अल्प जोरातही पुष्कळ उमटतात. रोगी सैल राहिला आणि सांगितल्याप्रमाणे जोर लावू शकला, तरच हा भेद कळतो. सुईची जागा एक-दोन दिवस दुखते, क्वचित काळीनिळी होते. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा छातीत पेसमेकर बसविला असल्यास रोग्याने तसे आधीच सांगावे.

तंतू-स्नायू संधीवर संशय असल्यास सेकंदाला दोन-तीन या गतीने झटके देतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या रोगात चौथ्या-पाचव्या झटक्यापर्यंत उत्तराची उंची दहा टक्क्यांहून अधिक खाली येऊ शकते.

निष्कर्षाची मर्यादा

हा आलेख दोषाचे स्थान दाखवितो. रोगाचे नाव वैद्याने सर्व लक्षणे पडताळून ठरवावयाचे असते. अतिसूक्ष्म वेदनावाही तंतूंचा विकार या परीक्षेत दिसत नाही. म्हणून आलेख निर्दोष आला, तरी तक्रार खोटी ठरत नाही. उलट, आलेखात दोष दिसला म्हणजे आशा सरली, असेही नव्हे. मनगटात दबलेला मज्जातंतू, गिलॅं-बारे विकार आणि मायस्थेनिया या तिन्हींवर उपचार आहेत. ते वेळेवर मिळावेत, यासाठीच हे थोडे दुःख सोसावयाचे.

प्रश्न
१. एकाच मज्जातंतूला दोन ठिकाणी झटका का देतात?
२. हात गार असल्यास निष्कर्ष कसा चुकेल?