रथाचा दोर आणि वर्गाचा बाक

ऋषिपंचमीस तासगांवच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हां शेंकडों हात एका दोरास लागतात. तींच मुलें शाळेच्या दिवशीं आपापल्या बाकावर स्वस्थ बसतात. मुलें तींच, परिस्थिति मात्र निराळी. पदार्थाच्या सूक्ष्म कणांतही असेंच घडतें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

इ. स. १९२४ मध्यें डाक्का विश्वविद्यालयांतील अध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांस प्लांकच्या प्रकाशविषयक नियमाची प्रचलित सिद्धता पटेना. प्रकाशकण एकमेकांपासून निराळे ओळखतां येत नाहींत, असें धरून त्यांनीं नवी गणना केली व निबंध आइन्स्टाइन यांजकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनीं तो स्वतः जर्मन भाषेंत उतरवून छापविला. शिवाय, अतिशय थंडींत असंख्य अणु एकाच अवस्थेंत जमतील, असें भाकीत केलें. अशा कणांस पुढें 'बोसॉन' हें नांव मिळालें.

१९९५ मध्यें अमेरिकेंत कॉर्नेल व वीमन यांनीं रुबिडियमच्या अणूंवर तें खरें करून दाखविलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनींही रुबिडियमचे अणु त्या अवस्थेपर्यंत थंड केल्याचा निबंध २००७ मध्यें प्रसिद्ध झाला.

पण हे अणु परस्परांस दूरही लोटतात. २००२ मध्यें जर्मनींतील संशोधकांनीं लेसर किरणांनीं आप्पेपात्रासारखे खळगे निर्माण करून त्यांत अणु ठेविले. खळगे उथळ असतां प्रत्येक अणु सर्व खळग्यांत पसरून राहिला, व सारे जणूं एका दोरास लागले. खळगे खोल करतांच उडी मारणें कठीण झालें. एकाच खळग्यांत दाटी करणें अणूंस महाग पडूं लागलें. म्हणून प्रत्येक खळग्यांत ठराविक अणु अडकून बसले. खळगे पुन्हां उथळ करतांच ती एकजूट परतली. २०१९ मध्यें तर इटली, जर्मनी व ऑस्ट्रिया येथें ओळीनें रचना धरूनही एकजूट न सोडणारे अणु आढळले!

मुलांनो, हा सारा विस्तार एका शिक्षकास न पटलेल्या सिद्धतेंतून झाला. तुम्हांस जें पटत नाहीं, तें वहींत लिहून ठेवा व निःसंकोच विचारा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरीं आलेला प्रश्न उत्तर ठाऊक नाहीं म्हणून झिडकारूं नये. आम्हांसही पुष्कळदां उत्तर देतां येत नाहीं. तेव्हां मुलांबरोबर आम्हीही पुस्तक उघडतों.