प्रवाळ मत्स्यालयासाठी संप व रेफ्युजियमची उभारणी : दिल्ली परिसरातील विचार

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दिल्ली परिसरात खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मत्स्यालय चालविणे म्हणजे समुद्राचे रसायनशास्त्र घरात सांभाळणे होय. येथील उन्हाळ्यातील तापमान, कठीण भूजल आणि वीजखंड यांमुळे मत्स्यालयाखालील गाळण व्यवस्था, म्हणजे संप, विचारपूर्वक उभारावा लागतो. शोभिवंत मत्स्यव्यवसायाकडे वळणाऱ्या शेतकऱ्यांना या रचनेची तत्त्वे उपयुक्त ठरतील.

पाण्याची निवड

रोहतकजवळील लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र अंतर्गत क्षारयुक्त भूजलातील मत्स्यसंवर्धनावर कार्य करते. हरियाणातील अशा भूजलात पोटॅशियमची कमतरता आढळते. कोळंबीसाठी ती पोटॅशयुक्त खत देऊन भरून काढली जाते. प्रवाळाला मात्र सर्वच आयनांचे प्रमाण समुद्राजवळचे लागते. 35 ग्रॅम प्रति लिटर क्षारतेच्या समुद्रजलात पोटॅशियम सुमारे 400, कॅल्शियम 410 आणि मॅग्नेशियम 1,280 मिलिग्रॅम प्रति लिटर असते. म्हणून भूजल थेट न वापरता आरओ पाण्यात प्रवाळासाठीचे तयार सागरी मीठ विरघळविणे सुरक्षित ठरते.

संपाची मापे

समजा, मुख्य टाकी 120×50×50 सेंमी, म्हणजे सुमारे 300 लिटरची आहे. तिच्या खाली 90×40×40 सेंमीचा संप ठेवावा. वीज गेल्यावर मुख्य टाकीतील पाणी 4 सेंमीने उतरले, तर 24 लिटर व नळ्यांतील सुमारे 5 लिटर, असे 29 लिटर पाणी खाली येईल. संपाच्या 3,600 चौ. सेंमी तळावर ते पातळी साधारण 8 सेंमी वाढवते. सर्व कप्पे 25 सेंमी भरलेले धरले तरी पातळी 33 सेंमीवर थांबते, पाणी सांडत नाही. परतीच्या नळीचे तोंड पृष्ठभागालगत ठेवावे; ते खोल असल्यास सायफनमुळे हिशेबापेक्षा अधिक पाणी खाली ओढले जाते. केवळ एकदिशा झडपेवर विसंबू नये, कारण तीत शेवाळ व क्षार साचतात. प्रत्यक्ष पंप बंद करून चाचणी घेतल्याशिवाय मासे सोडू नयेत.

कप्प्यांची रचना

डावीकडील कप्प्यात कापडी गाळणी व प्रोटीन स्किमर, उजवीकडे रेफ्युजियम आणि मधे परतीचा पंप ठेवावा. स्किमर सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्याने सेंद्रिय द्रव्ये कुजण्यापूर्वीच बाहेर काढतो. त्यासाठी त्या कप्प्यातील पातळी आडव्या पट्टीने स्थिर राखावी. मुख्य पाण्याचा प्रवाह तासाला टाकीच्या पाचपट, म्हणजे 1,500 लिटर धरावा. पंप निवडताना वर चढविण्याची उंची विचारात घ्यावी. कापडी गाळणी दर दोन-तीन दिवसांनी धुवावी, अन्यथा अडकलेला कचरा तेथेच कुजून नायट्रेट वाढतो.

रेफ्युजियमचे कार्य

रेफ्युजियम म्हणजे माशांपासून सुरक्षित आश्रयकक्ष. त्यात चिटोमॉर्फा हे तंतुमय शैवाल वाढवितात. ते नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते आणि त्याची नियमित कापणी केल्यावरच ही पोषकद्रव्ये व्यवस्थेबाहेर जातात. सूक्ष्म कोपेपॉड तेथे वाढून प्रवाळांचे व माशांचे खाद्य बनतात. या कप्प्यात मुख्य उतार नळीच्या स्वतंत्र तोटीतून संथ प्रवाह सोडावा. दिवे रात्री लावावेत. मुख्य टाकीत अंधार असताना शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरते व सामू घसरत नाही.

बाष्पीभवन, उष्णता व वीजखंड

बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ उरते. म्हणून भर गोड्या आरओ पाण्याचीच घालावी. मधल्या कप्प्याचा तळ 20×40 सेंमी असल्यास 4 लिटर पाणी उडाले की पातळी 5 सेंमीने खाली जाते व पंप कोरडा पडू शकतो. स्वयंचलित भरणी यंत्रणा हवीच. तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस राखण्यासाठी उन्हाळ्यात चिलर आवश्यक ठरतो. वीजखंडात प्रथम प्राणवायू संपतो. त्यामुळे बॅटरीवरील हवापंप सदैव सज्ज ठेवावा.

कायद्याचे भान

सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. समुद्रातून काढलेले प्रवाळ विकत घेणे हा गुन्हा ठरू शकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक प्रशिक्षणात स्पष्ट सांगावे. व्यवसायासाठी हॅचरीत उत्पादित क्लाउनफिशपासून प्रारंभ करावा. त्यांच्या प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. प्रवाळांऐवजी सिरॅमिक खडक वापरावेत. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, साधारणतः चार ते सहा आठवडे, टाकी रिकामीच चालवावी. हा काळ टाळणाऱ्यांचे नुकसान पहिल्याच महिन्यात होते.