गर्दी कमी करावी. पण आत कोणाला घ्यावे?

साथीच्या काळात गर्दी टाळावी, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण शंभराऐवजी पन्नासच लोकांना आत घ्यायचे ठरले, तर ते पन्नास कोण? हा प्रश्न न्यायाचा आहे, तसाच आरोग्याचाही आहे. फुटबॉलच्या सामन्यांवरून तो चांगला समजतो.

मर्यादा कशासाठी?

कोरोनाचा विषाणू श्वासावाटे पसरतो. ओरडताना साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीत मिलान येथे अटलांटा व व्हॅलेन्सिया या संघांचा सामना झाला. ४० हजारांहून अधिक प्रेक्षक होते. त्यांतील बहुतेक बर्गामो परिसरातले. पुढील काही आठवड्यांत बर्गामोत साथीने हाहाकार उडवला. त्याच्या कारणांत अनेक तज्ज्ञांनी हा सामनाही धरला.

शंभर माणसांत परस्पर संपर्काच्या ४,९५० जोड्या होऊ शकतात, पन्नासांत १,२२५. म्हणजे माणसे निम्मी केली, की संपर्काची शक्यता सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते.

न्याय कशात आहे?

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना झाला. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने फातोर्ड्याला पहिल्यांदा विजेतेपद मिळवले, तेव्हा आसने रिकामी होती. हिरमोड झाला, पण सर्वांचा सारखाच.

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२० मध्ये संसर्गाच्या प्रमाणानुसार विभाग पाडले गेले. कोठे ४ हजार प्रेक्षक, कोठे २ हजार, तर कोठे एकही नाही. लिव्हरपूलला प्रेक्षक आले, जवळच्या मँचेस्टरला आले नाहीत. चाहत्यांना हे खटकणारच. पण निकष रोगाचा होता, ओळखीचा नव्हता.

मात्र वैद्यकीय निकषही अन्यायकारक ठरू शकतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना खुली झाली. हेतू चांगला होता. परंतु १८ ते ४४ वयोगटाला लस १ मेपासून खुली झालेली, त्यात तुटवडा आणि कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर. तरुण कामगाराचा दुसरा डोस राहिला, यात त्याचा काय दोष? अट पुरी करण्याची संधी सर्वांना मिळाली, तरच ती अट न्याय्य होय.

आपल्याकडे २०२० साली संत मुक्ताईंची पालखी मोजक्या वारकऱ्यांसह बसने पंढरपूरला गेली. बाकीच्यांनी घरूनच हात जोडले. लोक मर्यादा सोसतात, वशिला सोसत नाहीत. लग्नाला ५० माणसांचीच परवानगी होती, तेव्हा "पुढाऱ्याच्या घरी पाचशे चालतात, मग आम्हालाच का?" असे दवाखान्यात मला अनेकांनी विचारले. नियमावरचा विश्वास उडाला, की मास्कही उतरतो आणि साथ पसरते. म्हणून न्याय हेही एक प्रतिबंधक औषधच समजावे.

पुन्हा कधी साथ आली, तर जळगाव-धुळ्याकडे सामने, कुस्त्यांची दंगल किंवा जत्रा भरवणाऱ्यांनी एवढे करावे:

१. संसर्गाचे प्रमाण व जागेतील मोकळी हवा पाहून आकडा ठरवावा आणि तो आधीच जाहीर करावा.

२. सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून निवड करावी. पुढाऱ्यांसाठी जागा राखू नयेत.

३. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांना पुढच्या वेळी प्राधान्य द्यावे.

४. ताप-खोकला असलेल्याचे तिकिटाचे पैसे परत करावेत. पैसे बुडणार असतील, तर माणूस ताप लपवतो.

आणि प्रेक्षकांनो, प्रवेश मिळाला नाही म्हणून वीस-पंचवीस जणांनी बंद खोलीत टीव्हीपुढे दाटी करू नये. उघड्या मैदानापेक्षा तेथे धोका अधिक असतो. खिडक्या उघडाव्यात, घरच्यांबरोबरच सामना पाहावा.