माध्यमिक शाळेतील अवांतर वाचन : एक विचार

मराठी शालेय परिभाषेत पाठ्यपुस्तकाबाहेरील वाचनास ‘अवांतर वाचन’ ही संज्ञा आहे. अवांतर म्हणजे मुख्य विषयास सोडून असलेले. माध्यमिक शाळेत वाचनास मिळणारे स्थान या एका शब्दातच सूचित झाले आहे. आठवी ते दहावी या तीन इयत्तांत विद्यार्थी बालसाहित्याच्या वयातून बाहेर पडतो. प्रौढ साहित्याशी त्याचा परिचय अद्याप व्हावयाचा असतो. नेमक्या याच संधिकाळात शालान्त परीक्षेचे दडपण वाढते. या वयात सुटलेले पुस्तक पुढे पुन्हा हाती धरले जाईलच असे नाही. आणि ज्या भाषेतील मुले वाचीत नाहीत, त्या भाषेतील साहित्याचा उद्याचा वाचक कोठून यावा?

पाठ्यपुस्तकातून विद्यार्थ्यास साहित्यातील वेचे मिळतात. वेच्यामुळे लेखकाची ओळख होते, परंतु ग्रंथाचा सहवास घडत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याची रचना बेचाळीस रात्रींची असून दररोज रात्री श्याम एक आठवण सांगतो व मित्र ती ऐकतात. म्हणजे सामुदायिक श्रवण हे या कृतीच्या घडणीतच आहे. एका तासिकेत एक रात्र, अशा क्रमाने ते वर्गात मोठ्याने वाचता येते. सुटा उतारा प्रश्नोत्तरांपुरता उरतो. क्रमाने ऐकताना मात्र ‘उद्या काय?’ ही उत्कंठा निर्माण होते आणि सवयीचे मूळ या उत्कंठेतच असते. लेखक स्वतः १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथे शिक्षक होते व तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरे साधन मालिकेचे. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ कथांत फुरसुंगीचा बनेश फेणे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात वाचकाबरोबर येतो. परिचित नायकामुळे नव्या पुस्तकाचे परकेपण नाहीसे होते. तिसरे साधन नियतकालिकाचे. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केला, तर १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ सुरू केले. पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्थेनेच परीक्षेशी संबंध नसलेले मासिक काढावे, ही गोष्ट अर्थपूर्ण होय.

केरळात ग्रंथालय चळवळीचे प्रवर्तक पी. एन. पणिक्कर यांच्या स्मरणार्थ १९ जून हा वाचनदिन मानला जातो. महाराष्ट्रातही २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. केरळातील दिनामागे गावोगावच्या वाचनालयांचे जाळे उभे आहे. असा आधार नसेल, तर दिनाचा उत्साह दुसऱ्या दिवशी ओसरतो.

तात्पर्य, शाळेने तीन गोष्टी कराव्यात : ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप काढावे, आठवड्यातून एक तासिका अखंड ग्रंथाच्या प्रकट वाचनासाठी राखावी, आणि त्या वाचनावर प्रश्नपत्रिका काढू नये. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. गुणांवाचून केलेल्या कामास किंमत असते, असा विश्वास शाळेस प्रथम स्वतःला द्यावा लागेल. तो विश्वास आला, म्हणजे वाचन अवांतर राहणार नाही.