सेंटरिंग उतरवणार कोण?

आरे-वारे, रत्नागिरी

चि. बायो,

आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांपासून हाडात भरायचं द्रव्य करायचं, असं पीएचडीसाठी तुझ्या मनात आहे. कर जरूर. शिंपला म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट. ९०० अंशांवर भाजलास की कळीचा चुना. त्याला फॉस्फेट देऊन सामू राखलास तर हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे हाडातलं खनिज, मिळेलच. पण एवढ्यात नवल नाही. डेला रॉय यांनी १९७४ साली पोवळ्याचं हायड्रॉक्सिॲपेटाइट केलं, आणि त्याची आरपार छिद्रंही शाबूत ठेवली. नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात त्या छिद्रांतूनच. शिंपल्याची होते पूड. छिद्रं तुला घडवावी लागतील, तीही एकमेकांना जोडलेली. (पोवळ्याच्या नादी मात्र लागू नकोस, आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.)

माझं सांगणं वेगळंच आहे. स्लॅबचं सेंटरिंग गवंडी उतरवतो. हाडात घातलेलं शरीरालाच विरघळवावं लागतं, आणि तेही हाड धरेल त्याच वेगानं. ड्रीसमान यांनी १८९२ मध्ये हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं. ते काही आठवड्यांत जिरतं, हाड मागेच राहतं. उलट कडक भाजलेलं हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षं एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं. म्हणून पेशी कशा छान चिकटल्या याचे फोटो थोडे कमी काढ आणि विरघळण्याचा वेग मोज. वेग कुणाच्या हाडासाठी, हेही आधी ठरव. सात वर्षांचं पोर आणि बिडी ओढणारा साठीचा मधुमेही, दोघांचं हाड एका वेगानं भरत नाही.

प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी महिनाभर एखाद्या ऑर्थोपेडिक सर्जनच्या थिएटरात उभी राहा. आम्ही सर्जन आजही पहिल्यांदा हात घालतो तो रुग्णाच्याच कमरेच्या हाडाला. त्यात जिवंत पेशी असतात, परकेपणा नसतो. फक्त कमरेची जखम पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा जास्त ठणकते. तिथे तुला दिसेल की पोकळीत रक्त सारखं झिरपत असतं, बोटानं दाबून बसवलेले कोरडे दाणे त्यात तरंगतात आणि सक्शनची नळी जवळ आली की सुर्रकन निघून जातात. कित्येक प्रबंधांतले दाणे ही नळी कधी पाहतच नाहीत!

मग परळला टाटा हॉस्पिटलची टिश्यू बँक बघून ये. १९८८ पासून दान केलेलं हाड आणि गर्भवेष्टन धुऊन, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तिथून दिलं जातं. तुझ्या मालाची खरी स्पर्धा त्याच्याशी आहे. आणि निर्जंतुकीकरणाचा विचार पहिल्या दिवसापासून हवा: पूड बांधायला पीएलए हे पॉलिमर घेतलंस तर गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, आणि मोजलेला वेग बदलून बसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ यांनी रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनावर काम केलंय, तेही वाच.

शिंपले गोळा करताना जात आणि जागा लिहून ठेव, बंदराजवळचे घेऊ नकोस. जड धातूंची तपासणी मागून करायची तर सगळं पुन्हा करावं लागेल. परळला जाण्याआधी फोन करून वेळ घे. थिएटरसाठी मी माझ्या एका विद्यार्थ्याला सांगून ठेवतो. सकाळी पोटभर खाऊन जा, पहिल्या दिवशी भलेभले आडवे होतात.

तुझा,
काका